आपल्या घरचा निळा

सिडको, एन-७,
छत्रपती संभाजीनगर
बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

प्रिय यशोधरा,

रविवार, १६ नोव्हेंबर रोजी सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, आपल्याच शहरातल्या भरल्या सभागृहात, पडद्यावरच्या एका खुनी बाईनं माझी साडी नेसलेली होती. मला न विचारता. ही माझी तक्रार आहे आणि ती मी लेखी नोंदवते आहे.

तू कपाळाला हात लावशील. लाव. चिकलठाण्याच्या कारखान्यात मी सदतीस वर्षं साहेबांची इंग्रजी पत्रं टाईप केली, आणि त्यातली निम्मी तक्रारीची होती. पहिल्या ओळीत दोष कधी आणि कुठं दिसला ते लिहायचं, शेवटच्या ओळीत उत्तर कधीपर्यंत हवं ते. मधल्या जागेत साहेब मनात येईल ते सांगायचे, आणि मी त्यातलं शहाण्यासारखं तेवढं टाईप करायची. मला भांडायची हीच एक पद्धत येते. बाबांशीसुद्धा मी अशीच भांडत आले, फक्त त्यांना मुदत पाळायची सवय नाही.

आता दोषाविषयी. ज्या कुणाच्या डोक्यात ‘गच्चीवरची साक्ष’ रंगीत करायचं आलं, त्याला आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ॲग्नेसनं तासभर बाकावर उभं केलं असतं. साठ-बासष्ट वर्षांपूर्वीचा तो काळा-पांढरा चित्रपट. वकिलाचा खून होतो. माळी गच्चीवरून बघतो आणि सांगतो, निळी साडी नेसलेली बाई मागच्या दारानं गेली. घरात बायका पाच. पडद्यावर पाचही जणींच्या साड्या राखाडी. त्यामुळे आपण अडीच तास पाचही जणींवर संशय घेत बसतो. सगळं रहस्य त्या राखाडीत आहे, आणि नेमकं तेच तुम्ही पुण्याच्या स्टुडिओत रंगवायला घेतलंत. पण तू त्यातूनही वाट काढलीस, हे मी मान्य करते. चौघींना चार प्रकारचं निळं नेसवलंस, म्हणजे संशय शाबूत राहिला. हुशार आहेस, माझी मुलगी आहेस. मात्र पाचवीला, म्हणजे खऱ्या खुन्याला, माझी साडी दिलीस. शेवटी तो डिटेक्टिव्ह टोपी काढून बोट रोखतो, म्हणतो, निळ्या साडीतली बाई हीच, आणि त्या दिवाणखान्यात जिच्या अंगावर निळं नाही अशी ती एकटीच उभी असते. जांभळ्या साडीत. सभागृह हसलं ते त्यामुळे.

तू दाराशी उभी होतीस. पहिल्या हशाला तूही हसलीस, तुला वाटलं लोकांना आवडलं. दुसऱ्या हशाला तुझा चेहरा मी बघितला, आणि तो मला तीन दिवस झाले दिसतो आहे. तू आमच्यापाशी न थांबता पुण्याची गाडी धरलीस. सोमवारी पेपरात ‘निळी की जांभळी?’ अशी चौकट आली. काल फोनवर म्हणालीस, आई, मी डोळे तपासून घेतले, डोळे ठीक आहेत, म्हणजे माझं डोकंच या कामाचं नाही, एक तारखेला राजीनामा देते. पंधरा वर्षं केलेलं काम तू एका साडीपायी सोडायला निघालीस. मी फोनवर काही बोलले नाही, कारण फोनवर मी ओरडते आणि तू फोन ठेवतेस. म्हणून हे पत्र. तुझे डोळे ठीक आहेत आणि डोकंही. बिघाड कुठं आहे ते मला माहीत आहे. जरा सुरुवातीपासून सांगावं लागेल, तेव्हा चहा करून घे.

मी नोकरीला लागले तेव्हा चिकलठाण्याला शेतं संपून शेड सुरू व्हायच्या त्या जागी अजून बैल चरत असत. महिन्याला एक नवी शेड उभी राहायची. आसपासच्या खेड्यांतली मुलं सायकलवरून यायची आणि गेटावर नाव लिहून घ्या म्हणून उभी राहायची. त्यातलेच तुझे बाबा. नागसेनवनात शिकलेले, पैठणकडच्या खेड्यातले, कंट्रोल पॅनेल जोडायच्या सेक्शनमध्ये. मी गुलमंडीच्या वकिलांची मुलगी, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. कामगारांशी बोलताना माझं मराठी आपोआप पुस्तकी व्हायचं आणि ते मागून माझी नक्कल करायचे. महिन्यातून एका रविवारी कँटीनच्या भिंतीवर चादर बांधून चित्रपट दाखवायचे. रंगीत असला की हा माणूस पाच मिनिटांत उठून बाहेर जाऊन बसायचा. काळा-पांढरा असला की पहिल्या रांगेत. ‘गच्चीवरची साक्ष’ तर त्यांना तोंडपाठ होता, डिटेक्टिव्हच्या आधी हेच बोलायचे. एकदा मी चहाच्या रांगेत विचारलं, रंगीत पिक्चरला तुम्हाला वेगळं तिकीट पडतं का हो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “काळ्या-पांढऱ्यात तुमी न् मी सारखंच बघतो, बाई.”

मला वाटलं, हे भाषण आहे. ते दिवस तसे होते, विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्या म्हणून सभा व्हायच्या, आणि हे सभेला जाणाऱ्यांतले. मी मनात म्हटलं, चहाच्या रांगेतसुद्धा समता सांगतात. घरी जाऊन वडिलांना ते वाक्य चेष्टेनं ऐकवलंसुद्धा. एवढं इंग्रजी-मराठी शिकून मला एक साधं वाक्य कळलं नव्हतं. तो माणूस भाषण करत नव्हता, फक्त जे आहे ते सांगत होता.

ते कळलं दोन-तीन महिन्यांनी. एका पॅनेलमध्ये लाल आणि हिरवी वायर उलटी लागली आणि टेस्टिंगला फ्यूज उडाला. कुणाला काही झालं नाही. फोरमन मात्र शेडभर ओरडत फिरला, डोळे फुटले का म्हणून. मी त्याच्या केबिनमधून डिक्टेशन घेऊन निघाले, तर हे खिडकीपाशी उजेडात दोन वायर धरून उभे. एकदा ही वर, एकदा ती. मी जवळून जाताना मान वर न करता हळूच म्हणाले, “बाई, ह्यातली लाल कोणची?” मी सांगितलं. मग त्यांनी सांगितलं की रेल्वेनं त्यांना याच कारणानं मेडिकलमधून परत पाठवलं होतं. लाल आणि हिरवा त्यांना एकाच मातकट रंगाचे दिसतात. “इथं कळालं तर मला काढतील, ते जाऊ द्या,” ते म्हणाले, “पर म्हणतील, ह्या लोकांना घेतलं की हेच व्हतं.” ते ‘ह्या लोकांना’ मी आमच्या ऑफिसात रोज ऐकत होते. बोलणाऱ्यांत माझ्या ओळखीचेच लोक जास्त होते.

त्या आठवड्यात साहेब वाइंडिंग सेक्शनसाठी माणसं बदलत होते. मी म्हटलं, पॅनेलमधल्या मोतीरामचा हात फार स्थिर आहे. ते खोटं नव्हतं, अजूनही चहाचा काठोकाठ कप आणतात तो सांडत नाही. वाइंडिंगमध्ये सगळं तांबंच, एकच रंग. बदलीचं पत्र मीच टाईप केलं. कारण कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी कँटीनमध्ये रंगीत चित्रपट होता. ते उठले नाहीत. माझ्या मागच्या बाकावर येऊन बसले आणि मध्येच हळूच विचारलं, आता तिनं काय नेसलंय. मी सांगितलं. अख्खा चित्रपट मी रंग सांगत बसले, आणि शेजारच्या टायपिस्टनं माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. आमचं जे काही जमलं ते असं जमलं. लोकांना वाटतं आमचं लग्न चळवळीतून झालं. झालं ते साडीचे रंग सांगण्यातून.

मग अठ्ठ्याहत्तरचा जुलै. विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात खेडोपाडी वस्त्या जळायला लागल्या. तुझी आजी पारूबाई अंगावरच्या लुगड्यानिशी निघून मुकुंदवाडीला बाबांच्या खोलीवर आली. मी आईच्या कपाटातलं एक पातळ घेऊन तिला भेटायला गेले. गुलमंडीहून मुकुंदवाडीला त्या दिवसांत एकटी मुलगी जात नसे, पण मी संतापले की मला भीती वाटत नाही. पारूबाईनं पातळ घेतलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “तुला भाकर येती का?” मी म्हटलं, नाही, पण शिकेन. “इंग्रजीत शिकू नको म्हंजे झालं,” ती म्हणाली. घर गेलेली बाई होती ती, आणि पहिल्या भेटीत तिनं मला हसवलं. तिनंच मिरच्यांची गोष्ट सांगितली. लहानपणी बाबा तिच्याबरोबर मिरच्या तोडायला जायचे. सगळी पोरं पिकलेल्या लाल तोडायची, हा लाल-हिरव्या एकत्र आणायचा, आणि मुकादमाचा मार खायचा. शाळेत पहिला येणारा मुलगा शेतात ठार वेडा कसा, कुणाला कळेना. “त्याच्या डोळ्यातच मिरची हाय,” आजी म्हणायची. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. मला सून करून घेतलं ते त्याच दिवशी, असं मी समजते. कोर्टातलं लग्न पुढं दोन वर्षांनी झालं आणि त्या दिवशी माझ्या माहेरचं दार बंद झालं. त्याचं मला वाईट वाटायचं ते वाटून गेलं.

लग्नाआधी बाबा सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आले होते. परत आले तेव्हा म्हणाले, विद्यापीठाला नाव लागलं की तुला निळी साडी घेणार, मी स्वतः निवडून. मी म्हटलं, तुम्ही? निवडणार? माझी जीभ तुला माहीत आहे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “निळा मला दिसतो, कालिंदे. लाल-हिरवं जाऊ दे. निळा माझा हाय.” यशू, हे वाक्य तू दोनदा वाच. सगळ्या जगातला एक रंग त्यांना खात्रीचा वाटत होता, आणि तो त्यांचा रंग होता. झेंड्याचा रंग.

ठरावापासून नाव लागायला सोळा वर्षं गेली. त्या सोळा वर्षांत वाळूजला नवे कारखाने झाले, आपण सिडकोत आलो, तू झालीस, आजी गेली. तिला ते नाव बघायला मिळालं नाही. घरात आम्ही कुणाला काही कळू दिलं नाही. बाबांची नोकरी होती, आणि पुढं सवय झाली. टोमॅटो ते दाबून बघून घेतात, रंगावर नाही. तुझ्या वहीत मोर काढून द्यायचे, पण रंग भर म्हणून तुझ्याच हातात खडू द्यायचे. सगळ्या लाइनीत रंगीत टीव्ही आले तरी आपल्याकडे काळा-पांढराच होता, आणि तू शाळेत सांगत होतीस की माझे बाबा कंजूष आहेत. कंजूष नव्हते गं. त्यांना तुझ्याशेजारी बसून तुला दिसतं तेच बघायचं होतं.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला नामविस्ताराची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी बाबा एकटेच पैठण गेटला गेले, मला बरोबर घेतलं नाही. दुकानात रेटारेटी, निळ्या साड्यांवर लोक तुटून पडलेले. दुकानदाराला उसंत नव्हती, त्यानं यांच्यापुढं गठ्ठा टाकला आणि म्हणाला, घ्या निवडून. त्यांनी निवडली. घरी येऊन घडी माझ्या हातात दिली. पिकल्या जांभळाचा रंग, काठावर बारीक कोयऱ्या. जांभळ्यात जे लाल असतं ते त्यांना दिसतच नाही, उरतं ते निळं. मला म्हणाले, “बघ, म्हणलं होतं ना, निळा मला दिसतो.” मी काय सांगायला हवं होतं? तुझ्या नीतिमत्तेच्या वहीत काय लिहिलंय ते मला नको. सोळा वर्षांनी आलेल्या त्या संध्याकाळी मी त्या माणसाकडून त्याचा शेवटचा रंग काढून घेणार नव्हते. मी म्हटलं, सुरेख निळी आहे. याचा मला आजवर एक क्षणही पश्चात्ताप झालेला नाही, आणि या पत्रात तो शोधत बसू नकोस.

त्या रविवारी आपण तिघं विद्यापीठाच्या गेटवर गेलो. बाबा पेढ्यांचा पुडा घेऊन पुढं. तू सात वर्षांची, माझं बोट धरून. तिथं सगळ्या बायका निळ्यात. तू एकेकीकडे बघितलंस, मग माझ्याकडे, आणि विचारलंस, आई, सगळ्या निळ्या आणि तू जांभळी का? तुझे डोळे त्या दिवशीही ठीक होते. मी तुझं बोट दाबलं आणि म्हटलं, ही निळी आहे. तू साडीकडे बघितलंस, माझ्या तोंडाकडे बघितलंस, काहीतरी समजलीस आणि म्हणालीस, निळी. पुन्हा कधी विचारलं नाहीस. तेवढ्यात आपल्या लाइनीतल्या सुगंधाबाई आल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, आज तरी निळं नेसायचं की.” मी म्हटलं, निळीच आहे, चष्मा लावून या.

त्या दिवसापासून आपल्या घरात ती निळी साडी. दर चौदा जानेवारीला निळी साडी काढ, निळीला इस्त्री कर, निळीवर चहा सांडू नको. ते रंगाचं नाव राहिलंच नाही, त्या वस्तूचं नाव झालं. समोरच्या नानासाहेबांचा सहा फुटी मुलगा छोटू म्हणून ओळखला जातो आणि कुणालाही हसू येत नाही, तसं. हे बघ, मी पाकिटावर शहराचं नवं नाव लिहिते, बाबांच्या तोंडी अजून औरंगाबाद आहे, आणि पोस्टमन दोन्ही घरपोच आणतो. तर मे महिन्यात तू फोन केलास, आई, निळी साडी पाठव, काम आहे. काय काम ते सांगितलं नाहीस. मला वाटलं कुणाच्या लग्नात नेसशील. तुला बाबांना चकित करायचं होतं. त्यांच्या आवडत्या चित्रपटातल्या शेवटच्या प्रसंगात, त्यांना तोंडपाठ असलेल्या त्या जागी, आईची निळी साडी. तुझ्या हाताखालच्या मुलांनी ती समोर ठेवून रंग हुबेहूब उचलला, आणि दिवाळीत तू साडी मला परत आणून दिलीस. त्या मुलांतल्या निम्म्यांना मराठी येत नाही, त्यांना माळी काय बोलला कसं कळणार. आणि तुला कळलं नाही, कारण तू रंग बघतच नव्हतीस, तू घर बघत होतीस. अशी चूक करायला या घरातच वाढावं लागतं. ती वेडाची नाही आणि अडाणीपणाची तर मुळीच नाही. हे तुझ्या साहेबांना सांग किंवा सांगू नको, पण राजीनाम्यात ‘मी अपात्र आहे’ असलं वाक्य लिहिणार असशील तर त्याआधी मला येऊन भेट.

आता जे मला स्वतःला रविवारपर्यंत माहीत नव्हतं ते. सभागृह हसलं तेव्हा बाबांनी माझा हात धरला. मला वाटलं, त्यांना कळत नाहीये लोक का हसताहेत. त्यांच्या डोळ्यांना तर पाचही जणी निळ्यातच होत्या. मी मनात वाक्य जुळवत होते, लोक त्या टोपीला हसले असं सांगू का. रिक्षा जालना रोडला लागली तेव्हा ते म्हणाले, पोरीनं तुझी साडी नेसवली गं तिला, काठाच्या कोयऱ्यांवरनं वळखली मी. मग थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, “ती जांभळी हाय म्हणून हसले ना लोक.”

कधीपासून माहीत आहे, मी विचारलं. म्हणाले, त्याच दिवशी कळालं, गेटवर. सुगंधाबाईंना पेढा दिला तेव्हा त्या म्हणाल्या, दादा, वहिनींना डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या, जांभळ्या साडीला निळी म्हणत्यात. मी म्हटलं, मग तुम्ही काय सांगितलंत? तर म्हणाले, “सांगितलं, तिला रंगाचं जरा कमीच दिसतं, बोलून दाखवू नका.”

एकतीस वर्षं, यशोधरा. एकतीस वर्षं अख्खी लाइन मला रंगांधळी समजते आहे. म्हणूनच भाजीवाल्याकडे सुगंधाबाई माझ्या पिशवीत टोमॅटो स्वतः निवडून घालतात, आणि मी मनात म्हणत होते, काय प्रेमळ बाई. मी रिक्षातच भांडायला सुरुवात केली. एवढं माहीत होतं तर घरी येऊन मला का बोलला नाहीत? ते म्हणाले, “मला वाटलं, चार दिवसांनी तूच सांगशील. नाय सांगितलंस. मंग पुढच्या जानेवारीला पुन्हा नेसलीस, पुन्हा निळीच म्हणालीस. मंग कळालं, तू नाय सांगणार. मंग मी कोण तिला जांभळी म्हणणारा?” रिक्षावाल्यानं आरशातून आमच्याकडे बघितलं. क्रांती चौक येईपर्यंत मी गप्प होते, आणि त्यांनी ते लक्षात ठेवलंय, दोनदा चिडवून झालं.

तेव्हा हे पत्र रागाचं म्हणून लिहायला बसले होते, ते तसं राहिलेलं नाही. तू ती चूक केली नसतीस तर आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत तसेच गेलो असतो, एकानं दुसऱ्याला न सांगता. हे देणं मला कुठल्या शब्दांत मानावं कळत नाही, म्हणून तक्रारीच्या नमुन्यात मानते. बाबांनीच सांगितलं, पोरीला सगळं लिही. लपवलं ते नोकरीसाठी, आता नोकरी नाही आणि लाजही नाही. तू चित्रपट दुरुस्त करशीलच, केलाच पाहिजे, खुनी बाईला खरं निळं नेसव. गंमत अशी की दुरुस्त केलास तरी तुझ्या बाबांना काही बदललेलं दिसणार नाही. फरक दिसेल तो मला. आणि तू म्हणालीस की एक डिसेंबरला ती चुकीची प्रत तुमच्याकडून कायमची पुसली जाणार आहे. ती पुसायच्या आधी तिची एक प्रत मला हवी आहे. लोकांना दाखवायला नाही. जगात ती एकच प्रत आहे जिच्यात तुझ्या बाबांना दिसतो तो निळा आणि मी म्हणते तो निळा एक आहे, आणि आम्हाला ती शेजारी बसून, सारखीच, बघायची आहे. प्रत पाठवते आहेस आणि राजीनामा देत नाहीस, या दोन्हींची मला लेखी कबुली पाहिजे. फोन चालणार नाही, बाबांना वाचून दाखवायची आहे. शनिवार, २९ नोव्हेंबरच्या दुपारच्या टपालाच्या आत तुझ्या हातचं उत्तर या दारात पडलं नाही, तर रविवारच्या पहिल्या गाडीनं मी स्वतः पुण्याला येईन, आणि निळी साडी नेसून येईन.

उत्तराची वाट बघत,
तुझीच,
आई